नेत्रभिंगातली काळी रेघ

मित्रांनो, मी एका शाळेच्या प्रयोगशाळेतला जुना सूक्ष्मदर्शक आहे. पितळेची नळी, लोखंडी पाय आणि जिथे तुम्ही डोळा लावता, तिथे नेत्रभिंग. नवा होतो तेव्हा माझा केवढा थाट! मुलं रांग लावून मला पाहायला यायची. पुढे कौतुक आटलं. विज्ञानाच्या बाई कष्टाळू होत्या, पण त्यांची एक रीत मला खुपायची. बघायचं माझ्यातून आणि काढायचं पुस्तकातून. वहीतली आकृती पुस्तकाबरहुकूम असली की पैकीच्या पैकी गुण.

एकदा मधल्या सुट्टीत एका मुलीने माझं नेत्रभिंग उपसून काढलं. तिला ते हातात धरून मुंगी बघायची होती. वर्ग तिला 'धांदल' म्हणायचा, ते काही उगीच नाही. भिंग निसटलं, फरशीवर आपटलं आणि काचेला केसाएवढा तडा गेला. घाईघाईने तिने ते जागेवर बसवलं आणि धूम ठोकली. तेव्हापासून माझ्यातून काहीही पाहा, मध्ये एक तिरपी काळी रेघ दिसते. तीस वर्षांत ती कुणीही वहीत काढली नाही.

गेल्या आठवड्यात मात्र एकीने काढली. ही मुलगी इतके प्रश्न विचारते की वर्गात तिचं नाव 'शंकासुर' पडलंय. तिने कांद्याच्या पेशी काढल्या आणि त्यांच्यावरून आरपार रेघ.

"मनाचं काढतेस?" बाई कडाडल्या. "विज्ञानात थापा चालत नाहीत. दहावीनंतर दुसरी शाखा घे."

"बाई, खरंच दिसतंय. तुम्ही बघा ना!"

बाईंनी बघितलं नाही. वहीत शून्य पडलं. माझा जीव तीळतीळ तुटला, पण मला वाचा कुठली?

परवा शाळेत एक मोठ्या शास्त्रज्ञ पाहुण्या म्हणून आल्या. शोभेला मलाही त्यांच्या टेबलावर मांडलं होतं. मी पाहताक्षणी ओळखलं. ती धांदल होती!

शंकासुर वही छातीशी धरून उभी राहिली. "शाळेत विज्ञान तुमचा आवडता विषय होता का? मला तो सोडायला सांगितलाय. जे दिसलं ते काढलं म्हणून."

पाहुणीने वही उघडली. ती रेघ दिसताच तिचा चेहरा उतरला. समोर पहिल्याच रांगेत विज्ञानाच्या त्याच बाई बसल्या होत्या, तिलाही त्यांनीच शिकवलं होतं.

"सांगा ना, लहानपणापासूनच आवडता होता!" मुख्याध्यापक हसत म्हणाले.

तिने एकदा वहीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. हो म्हणून मोकळी झाली असती, तर टाळ्या तिला मिळाल्या असत्या आणि शून्य त्या पोरीच्या कपाळी कायमचं राहिलं असतं. बोल गं बाई, मी मनात ओरडत होतो.

"नाही," शेवटी ती म्हणाली. "विज्ञानाचा तास आला की मी मागच्या बाकावर दडायचे. हे भिंग मी फोडलं होतं, बाई. सापडेन म्हणून मी या सूक्ष्मदर्शकाजवळ फिरकायचेच नाही. हिने काढलेली रेघ खरी आहे. ती मी पाडलेली आहे."

बाई उठल्या. चष्मा काढून माझ्यावर वाकल्या. त्यांनी नेत्रभिंग फिरवलं, तशी रेघही फिरली; म्हणजे ती भिंगातच होती. बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही.

"शून्य मला मिळायला हवं होतं गं," त्या शंकासुराला म्हणाल्या. "तू विज्ञानच घे."

मित्रांनो, मला पुसा, झाकून ठेवा. तरीही हातून काही फुटलंच, तर त्याच दिवशी सांगा. तडा मी तीस वर्षं सोसला. पण तो लपला म्हणून खरं पाहणारी एक मुलगी आठवडाभर खोटारडी ठरली, ते मात्र मला सोसवलं नाही.