नारळाच्या पाण्यात भिजलेला प्रोग्रॅम

मी एक जुना कार्डांचा गठ्ठा आहे. मित्रांनो, पत्त्यांचा नव्हे. माझ्यात दोनशे चाळीस जाड कार्डे आहेत आणि प्रत्येकावर बारीक चौकोनी भोके आहेत. एका कार्डावर संगणकासाठी एक सूचना असते. सगळ्या मिळून एक प्रोग्रॅम होतो. क्रम बिघडला तर लगेच कळावे म्हणून माझ्या माथ्यावर निळ्या पेन्सिलीची तिरकी रेघ आहे.

माझा जन्म १९७४ साली धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत झाला. गिरणा नदीच्या कालव्यावरील भडगावकडच्या कोणत्या गावाला पाणी कधी द्यायचे, ते मी ठरवायचे होते. मला प्रेमकुंवरताईंनी रचले आणि त्यांनीच पंच यंत्रावर भोके पाडली. ते यंत्र कार्डावर अक्षरे छापत नसे, नुसती भोके पाडी. ताई हुशार, पण घाईच्या. कार्डे तयार होताच त्यांनी हाताने लिहिलेले कागद रद्दीत दिले. माझी एक प्रत मात्र काढली आणि माझ्याच कपाटात, माझ्या शेजारी ठेवली. त्या वेळी मला ते फार शहाणपणाचे वाटले.

ताईंचे वडील झुंबरलाल कापडाचे व्यापारी. मुलीने कचेरीत जावे हे त्यांना रुचत नव्हते. त्यांनी स्पष्ट सांगितले होते, "दसऱ्यानंतर मुंबईहून तुझ्या कामाचं उत्तर आलं तर ठीक. नाहीतर नोकरी सोडायची." संगणक मुंबईला होता आणि दसऱ्यानंतरच्या सोमवारचा एकच तास आम्हाला मिळाला होता.

खंडेनवमीला शिपाई तोताराम नानांनी अवजारांची पूजा मांडली. टाइपरायटर, कात्री, पकड आणि आम्ही दोघे गठ्ठे. नानांनी हळदकुंकू वाहिले आणि आमच्यापुढेच नारळ फोडला. हात सढळ, पाणी सगळीकडे उडाले. ताई धावत आल्या.

"नाना, दोन्ही गठ्ठे कशाला काढलेत?"

"एकनी पूजा करी नि दुसरानी नही, आसं कसं चाली, ताई? बठ्ठास्ना मान शे." सगळ्यांचा मान राखायचा, एवढाच नानांचा हिशेब.

माझी वरची साठ कार्डे फुगून चिकटली. माझ्या प्रतीचीही वरचीच साठ. फुगलेले कार्ड संगणक घेत नाही. ताई खुर्चीवर बसल्या आणि रडल्या. रागावल्या नाहीत, कारण कागद रद्दीत कोणी घातले आणि प्रत एकाच कपाटात कोणी ठेवली, हे त्यांना ठाऊक होते.

नानांनी एक ओले कार्ड अलगद सोडवून खिडकीच्या उजेडात धरले. भोकांतून ऊन आले.

"माले वाचता नही येस," ते म्हणाले, "पन मोजता येस."

दसऱ्याच्या सुट्टीतही दोघे कचेरीत आले. नाना एकेक ओळ मोजून सांगत, "वरथीन तिसरं, मंग आठवं," आणि ताई नव्या कार्डावर तेच भोक पाडत. प्रत्येक नवे कार्ड नाना स्वतः पुन्हा उजेडात धरून जुन्याशी ताडून पाहत. साठ कार्डांना दोन दिवस लागले. नवा गठ्ठा एस.टी.ने मुंबईला गेला. दहा दिवसांनी पाणीपाळीचा लांबलचक छापील कागद आला. एकही गाव सुटले नव्हते.

ताईंनी तो कागद घरी नेला. झुंबरलालांनी तो दुकानातल्या गादीवर पसरून शेवटपर्यंत पाहिला आणि विचारले, "हे ज्यातून निघालं, त्याची दुसरी प्रत कुठे आहे?"

"कचेरीतच."

"मग ती प्रत कसली? माझ्या तिजोरीत ठेव."

तेव्हापासून दर महिन्याला एक ताजी प्रत त्या दुकानात जाई, आणि ती खरोखर चालते का, हे मुंबईच्या प्रत्येक फेरीत पाहिले जाई. मला मात्र कामावरून काढले. माझे काम आता एकच. खंडेनवमीला फक्त मलाच पाटावर बसवतात, कामाचे गठ्ठे कुलपात राहतात. सुरुवातीला मला वाईट वाटले. आता वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या कामाची प्रत जरूर काढा, पण ती मूळ कामापासून दूर ठेवा. आणि तुमच्या कचेरीतल्या तोताराम नानांना ती कशासाठी आहे ते आधी सांगा. ताईंनी मला सांगितले होते, नानांना सांगायचे राहून गेले होते.