कांताबाईंचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. पितळेच्या तीन पायांवर उभं राहणारं, तळहातात मावेल एवढंच. चष्मा विसरलेले आजोबा पेपर वाचायला घेतात त्या भिंगांशी माझं नातं जोडू नका, मला राग येतो. माझं काम अंगठ्यांचे ठसे पाहणं. मला कागदावर ठेवून डोळा लावला की शाईतली रेष न् रेष वर येते. एक रेषा कुठे फुटून तिच्या दोन झाल्या, कुठली मध्येच थांबली, कुठली वळून परत आली, सगळं दिसतं.

अंबाल्याच्या कारखान्यात माझी काच घासली गेली. तिथून नागपूरच्या एका दुकानात आलो आणि दुकानातून दयाराम रामटेके यांच्या खिशात. दयारामजींचं घराणं मूळचं भंडाऱ्याकडचं, पण वडील रेल्वेत, त्यामुळे ते वाढले रायपुरात. ठशांची परीक्षा पास झाल्यावर त्यांनी तिथल्याच बुढापारा मोहल्ल्यात तिसऱ्या मजल्यावर एक खोली घेतली आणि ठसेतज्ज्ञ म्हणून हिंदीत पाटी लावली. पुढे काही वर्षांनी छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि आमचं गाव राजधानी. मग काय विचारता! ज्या पडीक तुकड्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, त्यावर चार-चार मालक उभे राहू लागले. जमिनीला भाव आला आणि अंगठ्यांना कोर्टाची वाट दिसली.

ते माझे खरे दिवस. दयारामजी सकाळी मलमलच्या फडक्याने मला पुसायचे आणि मगच चहा घ्यायचे. त्यांची एक पद्धत होती. ज्याच्या अंगठ्याचा वाद असेल त्याला ते खोलीत बोलावत, पाणी देत, आणि कोर्टाची परवानगी असेल तर त्याचे ताजे ठसे घेत. एक नाही, पाच-सहा. लोक कंटाळायचे, वकील घड्याळ पाहायचे, पण दयारामजींनी कधी घाई केली नाही. कोर्टात न्यायाधीश त्यांना आधी 'बसा' म्हणत आणि मग प्रश्न विचारत. मीही टेबलावर बसायचो आणि मनात फुगायचो.

दयारामजी गेले. खोली, पाटी आणि मी त्यांच्या मुलीकडे, पूर्णिमाकडे आलो. तिचा हात वडिलांसारखाच स्थिर. पण काळ तसा राहिला नाही. पूर्णिमाची मुलगी पायल न्यायसहायक विज्ञान, म्हणजे फॉरेन्सिक, शिकली आणि तिने खोलीत संगणक आणला. त्यात ठसे जुळवणारं सॉफ्टवेअर. दोन कागद स्कॅन करायचे, बटण दाबायचं, आणि चहा गार व्हायच्या आत पडद्यावर टक्के हजर. मला पूर्ण दिवस लागायचा ते काम. माझी रवानगी खणात झाली, स्टेपलरच्या शेजारी. आठ महिने मी तिथे होतो. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मी जळत होतो. ते मशीन एकदा तरी तोंडावर पडावं, असं रोज वाटायचं.

पायललाही चैन नव्हतं. एक दिवस तिने आईला विचारलं, "मम्मी, जहाँ दस एक्सपर्ट लगते थे, वहाँ अब एक लगेगा. मैं इस लाइन में रहूँ या नहीं?" बेंगळुरूच्या एका कंपनीने तिला बोलावलं होतं, असली सॉफ्टवेअर्स घडवायला. पूर्णिमा म्हणाली, "मले काय माहीत बाई. मलेच समजून नाही राहिलं, मी किती दिवसाची आहो ते."

गेल्या वर्षी कोर्टाकडून एक पाकीट आलं. रायपूरला लागूनच असलेल्या बीरगावच्या कांताबाई, रेल्वेच्या गँगमनची विधवा. दोन खोल्यांचं घर हेच त्यांचं सर्वस्व. एका जमीन दलालाने विक्रीचा कागद पुढे केला होता, त्यावर कांताबाईंचा अंगठा. कांताबाई म्हणत होत्या, मी तो दिलाच नाही. तुलनेसाठी कोर्टाने पंधरा वर्षांपूर्वीचा पेन्शनचा अर्ज मागवला होता, त्यावरचा अंगठा त्यांना मान्य होता. दोन्ही ठसे एकाच अंगठ्याचे आहेत का, एवढंच सांगायचं होतं. आम्ही हो म्हणालो की घर दलालाचं.

पायलने दोन्ही कागद स्कॅन केले. "मम्मी, सत्त्याण्णव परसेंट. साइन कर दो."

"थांब, मोजून त घेऊ दे."

खण उघडला. उजेड डोळ्यावर आला आणि माझा ऊर भरून आला. पूर्णिमाने मला आधी एका कागदावर ठेवलं, मग दुसऱ्यावर. ती पुटपुटत मोजत होती. दहा खुणा जुळल्या, बारा, चौदा. सगळ्या जुळल्या. मशीन बरोबर होतं. मला फार लाज वाटली, आणि खरं सांगतो, त्या बाईंची फसवणूक झालीय की नाही यापेक्षा मला माझ्या हरण्याचंच जास्त वाईट वाटलं.

तरी काहीतरी सलत होतं. दोन्ही ठशांत उजव्या कडेला एक बारीक पांढरा डाग होता, शाई न लागलेला. मी तो दोनदा दाखवला होता. पण भिंगाला तोंड नसतं. दाखवणं माझं काम, पाहणं माणसाचं.

दुपारी अहवाल टाइप झाला. पूर्णिमाने पेनाचं टोपण काढलं, आणि तेवढ्यात दारात एक म्हातारी उभी राहिली. तीन जिने चढून तिला दम लागला होता.

"मी कांता. बीरगावची."

पूर्णिमा उठली. "मावशी, मले तुमच्याशी बोलता नाही येत. कोर्टाचं काम आहे हे."

"नोको बोलू. माहा अंगठा पाह्य फक्त. माहा नवरा गेला तवा पेन्शनच्या कागदावर देल्ला होता, त्याच्या मागून कोठीच नाही देल्ला. घर इकलं म्हनते थो दलाल. मी त त्याच घरात राहून राहिली." तिने उजवा अंगठा पुढे धरला. "कागदावरचा अंगठा सब्बेच पाहून राहिले. हा काहून नाही पाहत कोनी?"

पूर्णिमाने कोर्टाचं पत्र पुन्हा वाचलं. खाली स्पष्ट लिहिलं होतं की गरज वाटल्यास ताजे नमुने घ्यावेत. मशीनला दोन कागद पुरले होते, म्हणून गरज कुणालाच वाटली नव्हती. तिने पेनाला टोपण लावलं आणि दोन्ही वकिलांना फोन केले.

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या माणसांसमोर कांताबाईंनी सहा वेळा अंगठा दिला. पहिला इतका दाबला की शाई फासली. दुसरा तिरपा पडला. तिसऱ्याला अंगठा घसरला. चौथा अर्धाच उमटला. पाचवा जरा बरा, सहावा पुसट. सगळे एकाच अंगठ्याचे, पण एकासारखा दुसरा नाही.

सगळे गेल्यावर पूर्णिमा ते सहा ठसे पाहत बसली. मग तिने मला घाईने उचललं आणि पेन्शनच्या अर्जावर ठेवलं, तिथून विक्रीच्या कागदावर, पुन्हा अर्जावर. या वेळी ती मोजत नव्हती. तो पांढरा डाग दोन्हीकडे त्याच जागी, तेवढाच. डावी कड दोन्हीकडे सारखीच पुसट. दाब तोच, तिरपेपणा तोच. पंधरा वर्षांचं अंतर, आणि केसाइतका फरक नाही.

"पायल, इकडे ये. जिवंत अंगठा असा दोनदा पडते का?"

पायलने डोळा लावला आणि मला एका कागदावरून दुसऱ्यावर नेलं. "मतलब पेंशन वाले ठप्पे से किसी ने रबर स्टॅम्प बनाया?"

"हव."

"पर सॉफ्टवेअर गलत नहीं था."

"नाही ना. रेषा इच्याच आहेत, ते त्यानं बरोबर सांगितलं. आपण त्याले दुसरं काही इचारलंच नाही." पूर्णिमाने टाइप केलेला अहवाल पुढे ओढला. "अन् मी काल सही करून राहिली होती, पोट्टी."

तिने जुना अहवाल फाडला. नव्यात तिने लिहिलं की रेषा कांताबाईंच्या आहेत, अंगठा त्यांनी दिलेला नाही. कोर्टात दलालाचा वकील मशीनचे टक्के पुन्हा पुन्हा वाचून दाखवत राहिला. पूर्णिमाने मला दोन्ही कागदांवर आळीपाळीने ठेवलं, शेजारी सहा ताजे ठसे मांडले आणि न्यायाधीशांना म्हणाली, "आप खुद देखिए." त्यांनी पाहिलं. कांताबाईंचं घर कांताबाईंकडे राहिलं.

पायल बेंगळुरूला गेली. जाताना आईला म्हणाली, "मैं उसको ये भी सिखाऊँगी, कि ज़्यादा एक जैसा हो तो शक करो." ती शिकवेल आणि मशीन शिकेलही. मग कुणी लबाड दुसरी युक्ती काढेल. त्या वेळी मी टेबलावर असेन की स्टेपलरशेजारी, या विचाराने मला अजून स्वस्थ बसवत नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. तुमच्यातले कुणी या कामात जाल, माझ्याहून कितीतरी हुशार यंत्रं तुमच्या हाती असतील, ती आनंदाने वापरा. फक्त कागदावर ज्याचं घर जाणार आहे, त्याला एकदा समोर बसवा. कांताबाई त्या दिवशी जिना चढून आल्या नसत्या, तर मशीन, पूर्णिमा आणि मी, आम्ही तिघांनी मिळून, एक अक्षरही खोटं न बोलता, त्यांचं घर घालवलं असतं.