उपासनाची जागा

दीक्षानं व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि कुशल खुर्चीत पुढं सरकून बसला. वेस्ट विंडसरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये ऑर्केस्ट्राची तालीम चालली होती. शेजारी हाला होती, मूळची अलेप्पोची. रचना तिचीच. व्हायोलिन, चेलो, बासऱ्यांच्या ताफ्यात एक उद, म्हणजे अरबी तंतुवाद्य, आणि मधोमध सगळे गप्प होऊन एकटं व्हायोलिन. त्याला ती तकासीम म्हणायची. आपल्या आलापासारखं, कागदावर न लिहिलेलं, त्या दिवशी सुचेल ते.

ते वाजवायची उपासना. कुशलची बायको. मार्चमध्ये ती गेली. आता तिच्या जागी दीक्षा वाजवणार होती.

तिच्या शेवटच्या तालमीचं रेकॉर्डिंग कुशलकडे होतं. ते देताना त्यानं एकच अट घातली होती. वाजवायचं तर जसंच्या तसं.

"तकासीमची कुणी नक्कल करतं का? माझ्या आईनं ऐकलं तर मला घरात घेणार नाही," हाला म्हणाली होती. मग त्याच्या तोंडाकडे बघून तिनं मान्य केलं.

दीक्षा वाजवू लागली. तीच खरखरीत सुरुवात, दोन सुरांच्या मधल्या फटीत तेच रेंगाळणं. कुशलला वाटलं, उपासना पलीकडच्या खोलीत आहे, दार नुसतं लोटलेलं आहे.

मग दीक्षा थांबली. गज तारेवर तसाच. ती शांतता हालानं रेकॉर्डिंगवरून सगळ्यांच्या कागदांवर लिहून दिली होती. अख्खा ऑर्केस्ट्रा श्वास रोखून बसला. मग हळूच उद वाजला.

"काय पॉज आहे!" कंडक्टर म्हणाला.

दीक्षा धावतच आली. "काका, जमलं ना? पॉज तर मी रेकॉर्डिंगला लावून मॅच केलाय."

"तिथं थांबू नकोस."

"का? तीच तर बेस्ट जागा आहे!"

कुशल अंगठ्यानं करंगळीचं टोक चोळत राहिला.

"केमोनं तिची बोटं बधिर व्हायची, बाळा. तार कळेनाशी झाली की ती अशी थांबायची. बोट ताळ्यावर येईल म्हणून."

दीक्षानं व्हायोलिन खाली घेतलं. हाला हलक्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी आलं होतं?"

"नाही. म्हणून तर उदवाल्यानं सांभाळून घेतलं."

"मग पुढं काय वाजवणार होत्या काकू?" दीक्षानं विचारलं.

"मला काय माहीत? तू तुझं वाजव. पहिल्यापासून."

"पण काका, मग ते काकूंचं राहणार नाही."

"नाही राहणार," कुशल म्हणाला.

दीक्षा जागेवर गेली. सुरुवातीलाच अडखळली, पुन्हा धरलं, चाचपडत एका अनोळखी सुरावर जाऊन टेकली. तिथून मात्र तिनं अशी उचल घेतली की हालाच्या तोंडून नकळत दाद निघाली.

कुशलनंही मान डोलावली. चांगलं वाजवत होती पोरगी. उपासना त्यात कुठंच नव्हती.