गव्हाणी इकडे, बाळ तिकडे

नाताळच्या दिवशी सूनबाईला तीनदा कडकडून भूक लागावी लागे. सकाळी वडिलांकडे, दुपारी सासूबाईंकडे, संध्याकाळी मावशींकडे. पोट तुडुंब भरलेलं असो नाहीतर फुटायला आलेलं असो, दारातून आत शिरताना चेहरा असा हवा, की ही बिचारी कालपासून उपाशी आहे. एकदा मावशींकडे तिला चुकून ढेकर आला होता. तो ढेकर मावशींना वर्षभर पुरला.

एरवी ती केस कापायची. नाताळच्या आधी अख्ख्या वस्तीला एकदम केस वाढल्याचा साक्षात्कार होतो, त्यामुळे आठवडाभर उभं राहून राहून तिच्या पायांचे खांब झालेले. या दिवसांत तिला एकच स्वप्न पडायचं. नाताळ आहे, एकच घर आहे, त्यात एक खुर्ची आहे, आणि त्या खुर्चीवरून तिला कुणीही उठवत नाही.

"यंदा मी सांगतेच दोघींना," ती छोट्या भिंगरीच्या बुटाचे बंद बांधता बांधता म्हणाली. "सगळे एकाच घरी जमू या म्हणावं. बास झाली ही वरात."

"सांग की," नवरा म्हणाला. तो शहरात बस चालवायचा. भर गर्दीत अख्खी बस मागे घ्यायचा, पण आई आणि मावशी यांच्या मधल्या रस्त्यावर त्याचा गिअरच पडत नसे. "फक्त मी जरा बाहेर गेलेलो असताना सांग."

आता ही दोन दोन घरं कशासाठी, तर त्याला कारण एक वीतभर लाकूड. सासूबाईंची आई गेली तेव्हा मागे दोन मुली राहिल्या, थोरल्या सासूबाई आणि धाकट्या मावशी, आणि नाताळात मांडायचा एक जुना देखावा. मरिया, योसेफ, एक कान तुटलेलं गाढव, मेंढ्या, लाकडाची गव्हाणी, आणि तिच्यात निजायला चिनी मातीचं मुठीएवढं येशूबाळ. थोरली म्हणाली, देखावा माझा, मी मोठी. धाकटी म्हणाली, अस्सं का? आणि बाळ रुमालात गुंडाळून चालती झाली. थोरलीला वाटलं, गव्हाणीवाचून बाळ निजवेल कुठे? येईल झक मारत. धाकटीला वाटलं, बाळावाचून रिकामी गव्हाणी काय चाटायची आहे? येईल झक मारत. कुणीच झक मारली नाही. भिंगरीचा जन्मही व्हायचा होता तेव्हापासून दोघी बहिणींनी एकमेकींचा उंबरा ओलांडलेला नव्हता. अंतर म्हणाल तर दोन गल्ल्यांचं.

भिंगरी म्हणजे यांची चार वर्षांची लेक. नाव वेगळं होतं, पण एका जागी कधी दिसली असती तर ते वापरलं असतं.

सूनबाईचे वडील सुतार. सकाळी त्यांच्याकडे पोहोचले तेव्हा ते अजून रंधा मारत होते आणि घरभर भुसा. त्यांनी नातीसाठी बाहुलीचा पलंग केला होता. गोल पाय, उशाशी कोरलेली चांदणी, सगळं कसं गुळगुळीत. भिंगरीने आनंदाने अशा काही गिरक्या घेतल्या की भुशाचं वादळ उठलं आणि आजोबांच्या चहात बसलं.

"आजोबा, ह्याच्यात कोण झोपणार?"

"ज्याच्या मापाचा असेल तो," आजोबा चहातला भुसा काढत म्हणाले. "हे बघ, पलंग मापाचा पाहिजे. पाय बाहेर लोंबले तर झोप लागत नाही. आणि पलंग फार मोठा झाला तर माणूस त्यात भितो. ज्याचं अंथरूण त्याला द्यावं, मग कसं ढाराढूर झोपतं."

भिंगरी हे तोंड उघडं ठेवून ऐकत होती. तेव्हाच ओळखायला हवं होतं. भिंगरी कधी काही ऐकत नसे.

आजोबांकडे ऑम्लेट झालं, टोस्ट झाले, केक झाला. पलंग भिंगरीच्या सशाचे कान असलेल्या पिशवीत गेला आणि मंडळी निघाली सासूबाईंकडे.

सासूबाई निवृत्त मेट्रन. सारी हयात बाळंतिणींच्या वॉर्डात काढलेली. त्यांच्या घरात चादरीला सुरकुती पडायची हिंमत नव्हती. "या. भूक लागली असेल," त्या म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता, आदेश होता.

"खूप!" सूनबाई म्हणाली आणि पट्ट्याच्या आत पोट घेतलं.

भाजलेली कोंबडी, बटाटे, वाटाणे, पुडिंग. नवऱ्याने टेबलाखाली पँटचं बटण सोडलं. कोपऱ्यातल्या तिवईवर देखावा मांडलेला. गव्हाणीत दुकानातून आणलेलं प्लॅस्टिकचं बाळ होतं, चांगलं गुटगुटीत, गुडघ्यापासूनचे दोन्ही पाय बाहेर लोंबत असलेलं. योसेफपेक्षा ते दांडगं दिसत होतं. याबद्दल त्या घरात कुणी अवाक्षर काढत नसे.

पुडिंग आलं आणि नवरा पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात सटकला. सूनबाईने देवाचं नाव घेतलं. "आई, मी काय म्हणत होते, पुढच्या वर्षी आपण सगळ्यांनी एकाच घरी केलं तर?"

"एकाच म्हणजे कुठल्या?"

"कुठल्याही."

"कुठल्याही म्हणजे तिच्या," सासूबाई म्हणाल्या. "पुडिंग घे."

संपलं. सूनबाईने पुडिंग घेतलं, आणि तोंड भरलेलं होतं म्हणून रडू तरी आलं नाही. या भानगडीत एक गोष्ट तिच्या लक्षात आली नाही. भिंगरीचा बराच वेळ आवाज नव्हता. मूल गप्प झालं की उठून बघावं, हे मांजरालाही कळतं. पण त्या घटकेला सूनबाईला खुर्चीवरून उठायचं नव्हतं.

निघताना भिंगरीने पिशवी स्वतःच पाठीला लावली आणि कुणाला हात लावू देईना.

"जड होत नाही का गं? काय आहे एवढं?"

"पलंग," भिंगरी म्हणाली. सूनबाई बरं म्हणाली. सकाळी आपल्या हातांनीच तर ठेवला होता.

मावशींची बेकरी होती आणि वरच्या मजल्यावर घर. जिन्यातच लोण्याचा वास येऊन अंगावर पडायचा. मावशी गोल, गोऱ्या, कोपरापर्यंत पीठ लागलेल्या. त्यांनी भिंगरीला उचलून पिठाचे दोन पंजे तिच्या पाठीवर उमटवले. "या गं माझ्या उपाशी पाखरांनो! त्या मेट्रनने काही दिलं तरी का खायला?"

"थोडंसंच," नवरा म्हणाला. बटण अजून उघडंच होतं.

"आम्ही पुडिंग दोनदा खाल्लं!" भिंगरी ओरडली. "आणि बाबांनी तीनदा! आणि बाबा म्हणाले आता मी मरतो!"

मावशींनी नाक वर केलं. "दोनदा? मग इथे चारदा खायचं," म्हणाल्या आणि ताटं मांडायला आत गेल्या. ताटांचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा होता.

मावशींकडचं येशूबाळ खिडकीत पावाच्या साच्यात निजवलेलं असायचं. साचा लांबलचक, त्यात कापसाचा ढीग, आणि मध्ये ते एवढंसं बाळ हरवल्यासारखं. त्याचा उजवा हात बाहेर पसरलेला होता, तो साच्याच्या भिंतीला अडायचा, म्हणून बाळ कायम कुशीवर तिरकं. भिंगरी खिडकीपाशी गेली. पिशवीची चेन करकरली.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. त्याने तो कानाला लावला आणि लगेच हातभर लांब धरला. तरी सगळ्यांना ऐकू आलं. "गव्हाणी गेली! माझ्या आईची गव्हाणी! तिच्या जागी पलंग! चांदणीचा! निघालेय मी!"

"कुठे निघालीस?" नवऱ्याने विचारलं, पण फोन बंद झाला होता.

सूनबाई सावकाश वळली. खिडकीत, पावाच्या साच्याशेजारी, वीतभर लाकडाची जुनी गव्हाणी होती. भिंगरी चिनी मातीचं बाळ दोन्ही हातांनी, जीभ बाहेर काढून, तिच्यात ठेवत होती. धावावं तर पोरगी दचकून बाळ पाडेल, न धावावं तर सासूबाई दोन गल्ल्यांवर. ती तिथेच एक पाय पुढे टाकून उभी राहिली.

जिन्यात पावलं वाजली आणि दार उघडलं. सासूबाई. अंगात एप्रन, पायात घरातल्या सपाता, आणि काखेत बाहुलीचा पलंग, त्यात रुमाल पांघरून ते प्लॅस्टिकचं धटिंगण. त्याचे पाय मात्र आता अगदी मापात होते.

उंबरा ओलांडला गेला, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही.

"दुपारी एकाच घराची भाषा, आणि संध्याकाळी गव्हाणी गायब!" त्यांनी पलंग सूनबाईसमोर नाचवला. "हा तुझ्या बापाच्या हातचा ना? ओळखते मी त्यांचं काम! खाल्ल्या घरचे वासे मोजतात असं ऐकलं होतं, उचलून नेतात हे आज बघितलं!"

"आई, शप्पथ, मी नाही..." सूनबाईचा आवाज फाटला. एका खुर्चीची आस धरली होती तिने, आणि इथे चोर ठरायची वेळ आली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"तिला बोलायचं काम नाही!" मावशी आतून झारा घेऊनच आल्या. "माझ्या घरात येऊन माझ्या सुनेला बोलतेस?"

"तुझी सून कधीपासून?"

"बहिणीची सून ती माझी सून! आणि तुझी गव्हाणी हवी आहे कुणाला? वाळवी लागलेलं लाकूड!"

"वाळवी? वाळवी तुझ्या..."

"शूऽऽऽ!"

भिंगरी होती. दोन्ही हात पसरून खिडकीला पाठ लावून उभी. चेहरा रागाने लालबुंद. "बाळ झोपलंय!"

आणि काय सांगावं, सासूबाईंचा आवाज जागच्या जागी विझला. हयातभराची सवय ती. हे दोन शब्द ऐकून त्यांनी कितीदा वॉर्डात आवाज खाली आणला असेल, मोठमोठ्या डॉक्टरांना बाहेर काढलं असेल. त्यांचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून फक्त कुजबुज आली. "कुठे?"

भिंगरी बाजूला झाली. "त्याचा पलंग तुझ्याकडे होता ना आजी. इथे त्याचा हात अडकायचा. आजोबा म्हणाले, ज्याचं त्याला द्यावं."

बाळ गव्हाणीत उताणं, ऐसपैस निजलं होतं. त्याचा पसरलेला हात गव्हाणीच्या कडेतल्या खाचेत असा बसला होता की केससुद्धा मध्ये जाणार नाही. दोघी बहिणी वाकल्या. डोक्याला डोकं लागलं.

"खाच," सासूबाई पुटपुटल्या.

"मी पाडली होती," मावशी कुजबुजल्या. "भाजीच्या सुरीने. त्याचा हात दुखेल म्हणून."

"तू कुठली? मी पाडली. तू नुसती मेणबत्ती धरली होतीस."

"खोटं! आईचा मार कुणी खाल्ला मग?"

"दोघींनी खाल्ला," सासूबाई म्हणाल्या, "छकुले."

साठी ओलांडलेल्या, पिठाने माखलेल्या, झारा घेतलेल्या त्या छकुलीने नाक ओढलं. बसवाला भिंतीला चिकटून उभा होता, त्याने पटकन बटण लावून घेतलं. प्रसंग गंभीर होता.

"घेऊन जा तुझी गव्हाणी," मावशी कुजबुजत म्हणाल्या. "पण बाळ माझं."

सासूबाईंनी हात पुढे केला. भिंगरीने तो आपल्या दोन्ही हातांत धरला. "आजी, नको ना गं. उठेल तो."

हात थांबला. झोपलेलं बाळ हलवायचं नाही, हे त्यांनी जगाला शिकवलेलं. त्यांनी बाळाकडे बघितलं, मग बहिणीकडे, मग आपल्या सपातांकडे. "बरं," त्या हलकेच म्हणाल्या आणि आवाज न करता एक खुर्ची ओढून घेतली. "तो उठेपर्यंत थांबते."

चिनी मातीचं बाळ ते. डोळे रंगातच मिटलेले. ते कधी उठायचं! पण तसं कुणी म्हणालं नाही. भिंगरीने प्लॅस्टिकच्या भावाचा पलंग शेजारी लावून दिला. मावशींनी केक आणला.

"कोरडा झालाय," सासूबाई कुजबुजल्या आणि दुसरा तुकडा घेतला.

"मेट्रन," मावशी कुजबुजल्या आणि तिसरा वाढला.

मग सासूबाईंनी पायाने आणखी एक खुर्ची सरकवली. सूनबाईकडे न बघता म्हणाल्या, "उभी का? बस. पाय बघ कसे सुजलेत. चोर म्हटलं मी तुला, मूर्खच आहे मी." सूनबाई बसली. डोळे पुसावेत की हसावं ते तिला कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं, आणि नाकातून असा काही आवाज आला की भिंगरीने तिलाही दटावलं.

"भूक आहे ना गं?" मावशींनी ताट पुढे केलं.

"अजिबात नाही," सूनबाई म्हणाली. नाताळच्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा. कुणालाच राग आला नाही.

भिंगरी आजीच्या मांडीवर चढली. "बाळ कधी उठेल?"

सासूबाईंनी बशी बहिणीपुढे धरली. "बाळं खूप झोपतात गं," त्या म्हणाल्या. "काही घाई नाही. छकुले, अजून एक तुकडा दे."