हेझलचं खरं टेनिस

गुरुवारी सकाळी अहमदीच्या क्लबात खेळून झाल्यावर हेझल म्हणाली, की नोव्हेंबरात ती इंग्लंडला जाणार आहे, रिअल टेनिसच्या स्पर्धेत उतरायला. पुरुषांची असते तशी बायकांचीही असते. मुक्ता पाणी पीत होती, ती थांबली.

"खरं टेनिस? मग आपण दोन वर्षं इथे काय खेळतोय?"

"हे लॉन टेनिस," हेझल म्हणाली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

मुक्ताने कोर्टाकडे पाहिलं. सगळं सिमेंट, गवताचं पातंसुद्धा नाही. पण पुढे विचारायचा तिला संकोच वाटला. ती नाशिकची, कॉलेजात असताना जिल्ह्याच्या संघातून खेळलेली. नवरा महादेव आखातातल्या तेल कंपनीत लागला म्हणून अहमदीला आली, आणि इथल्या इंग्रजी शाळेत शिकवणारी, पन्नाशी ओलांडलेली हेझल तिला जोडीला मिळाली. मैत्री होती, पण हेझलचं बोलणं नेहमी अर्ध्यावर संपायचं. उरलेलं आपण समजून घ्यायचं, असा तिचा हिशेब.

त्या रात्री मुक्ता महादेवला म्हणाली, "मला वाटतं, तिला माझा खेळ खोटा वाटतो."

"तसं कशाला म्हणेल ती? असेल काहीतरी मोठ्या लोकांचं," महादेव म्हणाला.

ऑक्टोबर लागला तरी ऊन ओसरायला तयार नव्हतं. हेझलला शाळेच्या कामासाठी आठवडाभर बहरीनला जायचं होतं आणि नेमका तिच्या घरचा एसी बंद पडला. तिने एक लांबट कापडी पिशवी मुक्ताच्या हातात दिली. "स्पर्धेची रॅकेट आहे. लाकडी आहे, तिला उष्णता सोसत नाही. तुझ्याकडे गारव्यात ठेवशील ना?"

मुक्ताने पिशवी गाडीच्या डिकीत ठेवली. वाटेत फहाहीलला पापलेटं ताजी मिळाली, मग भाजी, मग ओळखीची एक बाई भेटली आणि गप्पा लांबल्या. गाडी सगळा वेळ भर उन्हात. घरी आल्यावर तिला पिशवीची आठवण झाली. तिने रॅकेट बाहेर काढून पाहिली. दांडा सरळ होता, पण वरचं तोंड एका बाजूला कललेलं. लकव्याने माणसाचं होतं तसं.

महादेव कामावरून आल्या आल्या तिने ती त्याच्यापुढे धरली. त्याने दिव्याखाली नेऊन फिरवून पाहिली, एक डोळा मिटून पाहिली. तो पेट्रोकेमिकलमधला इंजिनिअर. तापमान हा त्याचा रोजचा विषय. "डिकीत भट्टी होते गं. एका बाजूने जास्त तापलं असणार. वळलंय."

"तिला कळवू?"

"बहरीनला फोन करून काय सांगणार? आधी सरळ होतेय का बघू. झाली तर प्रश्नच मिटला."

शुवैखला फर्निचरचा कारखाना चालवणारा इद्रीस महादेवच्या ओळखीचा होता. मूळ दापोलीकडचा. दुसऱ्याच दिवशी दोघं त्याच्याकडे गेले. इद्रीसने रॅकेटवरून अंगठा फिरवला आणि हळहळला. "चांगलं लाकूड आहे, भाभी. कोणी असं ठेवलं उन्हात?"

मुक्ता भिंतीला टेकवलेल्या फळ्या बघायला लागली.

"काळजी करू नका. लाकूड आहे, वाफ दिली की ऐकतं."

त्याने तारा कापल्या, तोंडाला वाफ दिली, शिकंजे आवळले आणि तीन दिवस ती तशीच सोडून दिली. चौथ्या दिवशी तोंड गोल, सरळ, दांड्याच्या बरोबर रेषेत होतं. तिघांनीही ती आळीपाळीने हातात धरून पाहिली. इद्रीसने मजुरी घेतली नाही. चहा मात्र पाजला. साल्मियाच्या खेळाच्या दुकानात नव्या तारा ओवून घेतल्या आणि मुक्ताला त्या आठवड्यात पहिल्यांदा शांत झोप लागली.

हेझल परत आली ती थेट मुक्ताच्याच घरी. काही बोलायचं नाही असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. हेझलने पिशवी उघडली. रॅकेट बघितली. मग पिशवीत हात घालून आणखी काही आहे का ते चाचपलं.

"ही कोणाची?"

"तुझीच," मुक्ता म्हणाली.

"नाही, माझी कुठे आहे?"

"हीच. हेझल, हीच तुझी."

हेझल तिच्याकडे बघत राहिली. आपली लबाडी पकडली गेली असं मुक्ताला वाटलं आणि तिने भडाभडा सगळं सांगून टाकलं. फहाहील, पापलेटं, डिकी, इद्रीस. "पण आता अगदी पहिल्यासारखी झालीय," ती शेवटी म्हणाली.

हेझल सोफ्यावर बसली. "ती वाकडीच असते."

"कोण?"

"रॅकेट. या खेळात वाकडीच असते. कोपऱ्यातला खालचा चेंडू उचलायला."

मग तिने टेबलावरचं वर्तमानपत्र ओढून त्यावर पेनने कोर्ट काढलं. चार भिंती. तीन बाजूंना उतरती छपरं. सर्व्हिस छपरावर करायची. हे टेनिस सगळ्यात जुनं, पूर्वी राजे खेळायचे. लॉन टेनिस त्यातून नंतर निघालं, म्हणून याला रिअल म्हणायचं. चेंडूचे दोन टप्पे पडले तरी कधीकधी गुण कुणालाच मिळत नाही. ती जागा लक्षात ठेवायची, बाजू बदलायच्या आणि मग त्याचा निकाल लावायचा. मुक्ता मान डोलवत होती. छपरानंतरचं तिला काहीच कळलं नव्हतं. डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: धडधाकट रॅकेट आपण मोडून ठेवली.

"मी भरून देते," ती म्हणाली.

"छे. तू किती जिव्हाळ्याने केलंस," हेझल म्हणाली. आवाज अगदी मऊ. चहा पूर्ण प्यायली, महादेवची चौकशी केली आणि रॅकेट घेऊन गेली.

मुक्ता दारात उभी राहिली. हेझल रागावली होती की नव्हती? आपल्याकडे माणूस रागावला तर भांडतो, निदान चहा तरी टाकून जातो. ही तर कपसुद्धा विसळून गेली होती. पुढचे दोन गुरुवार हेझल क्लबात आली नाही. प्रवासाची तयारी असेल, असं महादेव म्हणाला. असेलही.

डिसेंबरात तिचा फोन आला. स्पर्धेची कॅसेट आणलीय, दोघं या. इंग्लंडात तिने कुणाची तरी रॅकेट मागून घेतली होती. टीव्हीवर एक अंधारी, उंच खोली दिसली. चेंडू छपरावरून गडगडत खाली यायचा, भिंतीतल्या एखाद्या जाळीत शिरायचा, कुठलीशी घंटा वाजायची. मधूनच कोणीतरी आकडे ओरडायचं. हेझलने भिंतीवर एक जोरदार फटका मारला तशी मुक्ताने टाळ्या वाजवल्या.

"तो समोरच्या बाईचा गुण," हेझल म्हणाली.

थोड्या वेळाने हेझलचा चेंडू भिंतीतल्या जाळीत गेला. महादेव हळहळला.

"तो माझा."

"असं कसं?"

हेझल समजावायला लागली, मध्येच अडखळली, आणि हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मुक्ताही हसली, कशाला ते न कळताच. निघताना हेझलने दारापर्यंत येऊन सांगितलं, "गुरुवारी सातला क्लबात ये. उशीर करू नकोस."

घराकडे चालताना महादेव म्हणाला, "जिंकली वाटतं."

"हरली. पहिल्याच फेरीत. मला स्वयंपाकघरात सांगितलं तिने."

"मग इतकी हसत का होती?"

"मला काय माहीत?" मुक्ता म्हणाली आणि शाल घट्ट ओढून चालायला लागली.