आरपार दगडाचे शेपूट

मी एक जुना दगड आहे. खरे बोलायचे तर अर्धवटच. माझे दर्शनी तोंड दुबई मरीनातल्या एका हॉटेलात गेले आणि उरलेला मी त्याच शहराच्या अल क्वोज या कारखान्यांच्या भागात एका वर्कशॉपमागे उन्हात पडलो आहे. कामगार माझ्यावर बसून चहा पितात. बसू देत बिचारे.

मित्रांनो, माझा जन्म वेल्स नावाच्या डोंगराळ, पावसाळी मुलुखातला. तीनशे वर्षांपूर्वी तिथल्या एका शेतकऱ्याने उतारावर लांबलचक घर बांधले. वरच्या अंगाला माणसे, खालच्या अंगाला गुरे, म्हणजे शेणमूत परस्पर खाली वाहून जाई. छपरावर पाटीच्या दगडाची कौले होती. चूल तर एवढी मोठी, की तिच्या बाजूच्या भिंतीतूनच दगडी जिना गोल फिरत माळ्यावर जाई.

भिंत अडीच फूट जाड. अशी भिंत दिसते एक, पण असतात दोन. एक बाहेरची, एक आतली, मध्ये गोटे आणि चुना. त्या दोघी सुटून फुगू नयेत म्हणून अधूनमधून एक लांब दगड आरपार घालतात. तो मी! माझ्या बाहेरच्या तोंडावर पावसाने दगडफूल उगवले, आतले टोक चुलीच्या धुराने काळे झाले. किती बाळंतिणी त्या टोकाजवळ शेकल्या, मोजले नाही. माझे कौतुक कोणी केले नाही, पण घर उभे होते. तेवढे मला पुरे होते.

अलीकडच्या पिढीला त्या घरात थंडी वाजू लागली. त्यांनी ते मोडून विकले. कौले एकाने नेली, तुळया दुसऱ्याने, आणि आम्ही दगड पेट्यांत बसून थेट इथल्या वाळवंटात आलो.

पेटी उघडली सोमनाथने. हा साताऱ्याकडचा पाथरवट. त्याने माझ्यावरून हात फिरवला, दगडफूल हुंगले आणि हसला. घरचा मसाला आठवला असावा. हॉटेलची सजावट करणाऱ्या विभावरी मॅडम शेजारीच उभ्या होत्या.

"सोमनाथ, मला फक्त फ्रंट फेस पाहिजे. वीस मिलिमीटर. मागचं सगळं कट करा."

"मॅडम, ह्यो आरपारचा दगड हाय. माझा बाप असंच भिंतीत घालायचा. शेपूट कापलं तर नुसतं थोबाड ऱ्हाईल."

"अहो, वॉल जिप्समची आहे. एवढं वेट घेणार नाही. यल्ला, चला लवकर, उद्या फिटिंग आहे."

सोमनाथने मान खाली घातली आणि मशीन सुरू केले. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मी घावही सोसले आणि करवतही सोसली. देवपण सोडा, माझी चकती झाली.

ती चकती गोंदाने चिकटवली. खाली पाटी लागली, 'तीनशे वर्षांचे शेतकऱ्याचे घर'. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! एसीत दगडफूल वाळून झडले. दोन महिन्यांनी एका दुपारी ती चकतीही खाली पडून फुटली. मागे धरून ठेवणारे काही नव्हतेच.

सोमनाथ तेव्हा माझ्यावरच बसला होता, हातात चहा. फोन वाजला. पलीकडून विभावरी मॅडम म्हणाल्या, "तो पीस ब्रेक झाला हो. मागचं उरलेलं आहे ना? त्यातून अजून एक स्लाइस काढा."

मी घाबरलो. तीनशे वर्षांत घाबरलो नव्हतो तेवढा घाबरलो.

"न्हाई मॅडम. ते खलास. कचऱ्याच्या गाडीत गेलं."

"शुअर?"

"एकदम शुअर."

खोटे उघडे पडले तर त्याची नोकरी जाणार होती. त्याला ते ठाऊक होते. त्याने फोन खिशात टाकला, माझ्या काळ्या टोकावर थाप मारली आणि चहा संपवला.

घर धरून ठेवले तेव्हा मला कोणी वाचवले नाही. कचरा ठरलो, म्हणून वाचलो. मित्रांनो, जुने घर सांभाळणे जमत नसेल तर खुशाल पाडा, दगड पुन्हा भिंतीत लावा, गोठ्याला लावा. पण त्याचे तोंड कापून भिंतीला डकवू नका आणि वर त्याला जुन्याचे प्रेम म्हणू नका. आणि करवत लावण्याआधी निदान सोमनाथला विचारा.