मेन्साला जाण्याआधी घातलेला रंग

शमिका प्रयोगशाळेत आली तीच फणफणत. प्रोफेसरांचा मेल तिने बसमध्येच वाचला होता: तिची पद्धत चुकीची दिसते, काम थांबवू या.

पीएचडीची सगळी वर्षं तिने याच पद्धतीत घातली होती. यीस्टमध्ये कुठलाही रंग न घालता, पेशीतून प्रकाश कसा वळतो एवढ्यावरून जिवंत कोण नि मेलेली कोण, हे तिचा कॅमेरा सांगे. काल त्याने बहुतेक पेशी जिवंत ठरवल्या. पडताळणीसाठी तोच नमुना हृषिकेशने मिथिलीन ब्लू घालून मोजला. त्या रंगात मेलेली पेशी निळी होते, जिवंत तशीच राहते. त्याच्या हिशेबाने निम्म्याहून जास्त मेलेल्या निघाल्या.

हृषिकेश तिच्यासारखाच पुण्याचा, जर्मनीतल्या या लॅबमधला पोस्टडॉक. दुपारी सगळी लॅब मेन्साला, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनला, एकत्र जाई.

"हृषिकेशदादा, काल रंग कधी घातलास?"

"मेन्साला जेवायला जायच्या आधी. का गं?"

"आणि मोजल्यास कधी?"

"आल्यावर. अगं, सगळे 'मालत्साइट' म्हणत उठले की इथे मागे कोण थांबतं? जेवलो, कॉफी घेतली. तोवर रंग मस्त चढला होता."

"लोणचं मुरत घातलं होतंस का? तो रंग विषारी असतो! काही मिनिटांत मोजायचं असतं. एवढा वेळ ठेवलं की धडधाकट पेशीही मरते, निळी होते. त्यात मायक्रोस्कोपचा दिवा तू नेहमी चालूच ठेवतोस, उजेडात तो रंग आणखी घातक!"

"पडतो थोडाफार फरक. एवढं काय चिडायचं?"

"थोडाफार? माझी पीएचडी बंद पडतेय!"

फ्रिजमधला कालचाच नमुना काढून तिने ताजा रंग घातला, काच मायक्रोस्कोपखाली सरकवली. "बघ."

त्याने डोळा लावला. निळी एखाददुसरीच होती.

"बरं. गुरुवारच्या मीटिंगमध्ये सांगतो हळूच."

"हळूच? काल तुझे आकडे सगळ्या ग्रुपला सीसी केलेस, तेव्हा हळूच नव्हतं!"

एवढ्यात दारावर टकटक झाली, जेवायला निघालेल्यांची हाक आली. "मालत्साइट!" हृषिकेश अर्धवट उठला. शमिकाने त्याची खुर्ची धरली.

"आज तू जेवायला जायचं नाहीस. बघत बस."

तो बसला. आधी कडेची एक निळी झाली, मग तिच्या शेजारची. मग ठिकठिकाणी. त्याच्या पोटात गुरगुरलं. शमिका हसली नाही.

"पुरे," म्हणत शेवटी त्याने लॅपटॉप ओढला. "काय लिहू?"

"झालं ते. सगळ्यांना सीसी. आणि मेन्साचंही लिही."

"मेन्साचं कशाला?"

"माझ्या पेशी कशाने मेल्या, ते कळू दे त्यांना."